मागे कोण बसले आहे?

या पानावर माझे लेख अधूनमधून येतात, त्यांच्याखाली एक ओळ छापलेली असते: ‘लेखक दरबारी गवयाचे चिरंजीव असून संगीतशिक्षक आहेत.’ ओळ संपादकांची नव्हे, मीच त्यांना दिलेली आहे. तिच्याविषयी मला थोडे बोलायचे आहे. पण त्याआधी चार इंग्रज पोरांच्या गोंगाटाविषयी बोलणे भाग आहे, कारण तो गोंगाट कानावर पडला नसता तर ही ओळ अशीच छापत राहिली असती.

2014 साली दांडिया बाजारातला आमच्या आत्याचा वाडा विकला गेला. माळा रिकामा करताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. माझा थोरला आतेभाऊ सत्तरच्या दशकात पाच वर्षे लंडनला शिकत होता. तिथून येताना त्याने ती आणली, पुढे तो अमेरिकेला गेला आणि ट्रंक माळ्यावरच राहिली. आत जुन्या धोतरात गुंडाळलेल्या तीसेक तबकड्या होत्या. चाळीस उन्हाळ्यांनी काहींचे पापड केले होते. आतेभावाला फोन केला तर म्हणाला, “तू गाण्यातला आहेस, तूच ठेव.” जुन्या गवयांच्या तबकड्या ऐकायला माझ्याकडे यंत्र आहे, पण ट्रंकेतली पाकिटे पाहिली आणि मनात आले, या नग्नबाया, उडत्या तबकड्या नि किटल्या घेऊन मी काय करू?

एका पाकिटावर मात्र नजर अडली. काळ्या रंगावर रुपेरी चित्र आणि नाव ‘डोरेमी फासोल लातिदो’. म्हणजे इंग्रजांचे सारेगमपधनी! वादकमंडळाचे नाव हॉकविंड, साल 1972. मला वाटले, मुलांना सरगम शिकवण्याचे काही तरी असेल, आपल्या वर्गात उपयोगी पडेल. या भाबडेपणावर वाचकांनी खुशाल हसावे. तबकडीवर सुई ठेवली मात्र, आणि आगगाडी घरात शिरावी तसा आवाज झाला. पहिलेच गाणे अकरा मिनिटांहून लांब. गाणे म्हणायचे ते सवयीने. एका तुकड्याची घोकंपट्टी, खाली ढोलाचा मारा, वर एक सॅक्सोफोन वाट चुकल्यासारखा, आणि या सगळ्याच्या मागे कुठून तरी वर चढत, घसरत, पुन्हा चढत जाणारी एक शीळ. दोन मिनिटांत मी उठलो.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून झोपाळ्याची कडी वाजायची थांबली आणि नानांचा आवाज आला, “बंद करू नकोस. मागे कोण बसलंय रे?”

नाना म्हणजे माझे वडील. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. त्यांच्या उतारवयात मी झालो. मला कळू लागले तोवर त्यांचे दरबारचे दिवस गोष्टीसारखे झाले होते. 1946 साली, सोळाव्या वर्षी, ते गायकवाड सरकारच्या कलावंत कारखान्यात लागले आणि 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे पुरती तीनच वर्षे. पण माणूस तीन वर्षे ज्या गालिच्यावर बसतो त्याचा रंग जन्मभर अंगावर वागवतो. ‘मागे कोण बसलंय?’ हा प्रश्न त्याच गालिच्यावरचा. गवयाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. जाणता माणूस आधी विचारतो, मागे तंबोऱ्यावर कोण आहे?

मी पाकीट उलटसुलट करून पाहिले. नानांच्या प्रश्नाला खरोखरच उत्तर होते. सहा जणांच्या यादीत दोघे असे होते की जे रूढ अर्थाने कोणतेच वाद्य वाजवत नव्हते. एकाचे नाव डेल डेटमार, तो सिंथेसायझरवर. दुसरा डिकमिक. हे त्याचे टोपणनाव. त्याच्यापुढे लिहिले होते, ऑडिओ जनरेटर.

ऑडिओ जनरेटर हे वाद्य नव्हेच. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर असते तसले ते तपासणीचे यंत्र. त्यातून एक शुद्ध, सपाट स्वर निघतो, आणि गोल कळ फिरवली की तो वरखाली सरकतो. त्याला पडदे नाहीत की पट्ट्या नाहीत, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. घसरतच जावे लागते. मींड घेण्यावाचून त्याला गतीच नाही म्हणा ना. हा स्वर प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढला की तो स्वतःच्याच पाठीमागे धावू लागतो. हॉकविंडच्या गाण्यांत अंतराळ म्हणून जे काही जाणवते ते बहुतांशी या कळीतून आलेले आहे. डिकमिक त्या मंडळात शिरला तोही गमतीनेच. 1969 साली लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात डेव्ह ब्रॉक नावाच्या, रस्त्यावर गाऊन पैसे मिळवणाऱ्या माणसाने चार जण जमवले. डिकमिक आणि सॅक्सोफोनवाला निक टर्नर हे सामान वाहायला म्हणून आले होते. हमाली करता करता दोघेही बैठकीत बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉटिंग हिलच्या ऑल सेंट्स हॉलमध्ये त्यांनी ‘ग्रूप एक्स’ या नावाने हजेरी लावली, कारण तोवर नाव ठरलेले नव्हते.

हे सारे मी नंतर जमवले. त्या दुपारी मी नानांना इतकेच सांगितले, की एक माणूस टेबलाशी बसून कळ फिरवतो.

“आणि गात नाही?”

“नाही.”

“गतही वाजवत नाही?”

“नाही.”

“मग हा आपल्या पंगतीतला,” नाना म्हणाले आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला.

तंबोऱ्याची माहिती या पानाच्या वाचकांना मी काय सांगावी? पण लहानपणापासून घरात कोपऱ्यात पाहिलेल्या वस्तूकडे आपण नीट पाहत नाही, म्हणून दोन वाक्ये. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढली, की प्रत्येक तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वर उमलू लागतात. नीट लागलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्या गंधारात राहतो. भिंती तंबोऱ्याच्या असतात, घर गवयाच्या नावावर असते.

ब्रिटनमध्ये 1966 ते 1975 या काळात जे सायकेडेलिक आणि पुढे स्पेस रॉक म्हणून गाजले, त्याचे मर्म मला याच वाटेने कळले. एरवी त्याची प्रसिद्धी निराळ्याच कारणांनी आहे. ‘सायकेडेलिक’ हा शब्दच मुळी एका ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात मादक औषधांच्या संदर्भात घडवलेला. ती औषधे, भिंतींवर वाहणारे रंगीत दिवे, रंगमंचावरचे नृत्य यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या औषधांनी चांगल्या चांगल्या पोरांची माती केली. पिंक फ्लॉइडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट त्यांतलाच एक. 1967 साली त्याची पहिली मोठी तबकडी निघाली आणि 1968 च्या एप्रिलमध्ये तो मंडळातून बाहेर पडला होता. मला या बाजूचे कौतुक नाही. मला नवल वाटले ते हे, की तीन मिनिटांच्या गाण्यावर पोसलेल्या पोरांना एकाएकी एका स्वरावर थांबावेसे वाटले. त्यांचे संगीत म्हणजे चालणारे संगीत. एका स्वरसंघातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग घरी परत. या पोरांनी चालणे थांबवले. थांबल्यावर आजूबाजूला जे मोकळे दिसले त्याला त्यांनी अंतराळ म्हटले. काळही तसाच होता. 1969 च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरत असताना बी.बी.सी.च्या स्टुडिओत पिंक फ्लॉइडने थेट प्रक्षेपणात आयत्या वेळी सुचेल ते वाजवले होते.

ट्रंकेत पिंक फ्लॉइडची ‘मेडल’ होती, 1971 ची. तिची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापलेली आहे, ‘एकोज’, तेवीस मिनिटांची. सुरुवातीला नुसता एक थेंब पडतो. पियानोचा एकच उंच स्वर, फिरत्या कर्ण्याच्या लेस्ली पेटीतून काढलेला. मग थांबणे. मग पुन्हा थेंब. नानांना ती मी ऐकवली तेव्हा सहावा का सातवा थेंब पडल्यावर ते म्हणाले, “घाई नाही पोरांना. चांगल्या घरची दिसतात.” मध्यंतरी, जिथे गाणे विरून नुसता वारा आणि कावळ्यांसारखे आवाज उरतात, तिथे त्यांना डुलकी लागली, आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ जागी आले तेव्हा बरोबर समेला जागे झावे तसे जागे झाले. सम अर्थात तिथे नव्हती. ताल हा या मंडळींचा दुबळा प्रांत आहे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. चार मात्रा, पुन्हा चार मात्रा. आवर्तन भरते आहे असे कधी वाटतच नाही. हॉकविंडचा ढोल तर लोहाराच्या भात्याशेजारी बसल्यासारखा.

ट्रंकेत गाँगचीही एक तबकडी होती, ‘फ्लाइंग टीपॉट’, 1973 ची. अंतराळात उडणारी चहाची किटली! बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने सूर्याभोवती फिरणाऱ्या किटलीचा एक दृष्टांत दिला होता, तिथून ती उडाली. गाँगचा कर्ता डेव्हिड ॲलन हा मूळचा ऑस्ट्रेलियन. कँटरबरीच्या सॉफ्ट मशीन मंडळाच्या संस्थापकांतला. पण 1967 साली फ्रान्सहून परतताना परवान्याच्या भानगडीत त्याला ब्रिटनमध्ये शिरू दिले नाही, म्हणून त्याने पॅरिसमध्ये नवे मंडळ उभे केले. विनोद बराचसा पोरकट. पण त्याची एक करामत शिकण्याजोगी. गिटारच्या तारा छेडायच्याच नाहीत. धातूची दांडी तारांवर हलकेच घासत राहायची. त्यातून आदिअंत नसलेला स्वर निघतो. आपल्याकडे विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो त्याची आठवण झाली, मात्र तिथे दुसरा हात तार छेडत असतो, इथे आघातच नाही. ही युक्ती ॲलनला सुचली सिड बॅरेटला गिटारवर वस्तू घासताना पाहून. बॅरेट सिगारेटचा लायटर वापरी.

आता वाचक म्हणतील, हे सगळे गेले आपल्याकडूनच! ही सवय आपल्याला आहे, आणि बडोदेकरांना तर सबळ कारणही आहे. मौलाबक्षांनी 1886 साली इथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली. त्यांचा नातू इनायतखाँ इथेच 1882 साली जन्मला, 1910 साली पश्चिमेकडे गेला आणि पुढे लंडनमध्ये राहून नादाविषयी बोलला, लिहिला. ‘द हू’ मंडळाचा पीट टाउनशेंड त्या लिखाणाने भारावला होता. त्याच्या 1971 च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे अमेरिकन रचनाकार टेरी रायली, जो 1970 साली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. लंडनला स्थायिक झालेले तबलावादक केशव साठे 1966 पासून जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या जॅझ-प्रयोगांत होते, आणि 1972 च्या ‘मॅजिक कार्पेट’ या तबकडीवर सतारीबरोबर त्यांचाच तबला आहे. हे सारे खरे. तरीही मला उलटेच सांगायचे आहे. ज्यांनी आपले शब्द उचलले ते मला लांबचे वाटले. स्टीव्ह हिलेजच्या 1976 च्या ‘एल’ तबकडीवर ‘ओम नमः शिवाय’ आहे. माणूस गिटारवर सुरेल, भावही प्रामाणिक असेल. पण ते ऐकताना पाहुण्याने आपल्या देवघरात येऊन आपल्यालाच आरती शिकवावी तसे झाले. डिकमिकने कधी तंबोरा मांडीवर घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. तो आमच्या घरात आपल्या पायांनी आला.

पुढे ‘स्पेस रिच्युअल’ ऐकली. दोन तबकड्यांचा संच, 1972 च्या डिसेंबरात लिव्हरपूल आणि ब्रिक्स्टनच्या जलशांत मुद्रित होऊन 1973 साली निघालेला. या दौऱ्याचा खर्च ‘सिल्व्हर मशीन’ नावाच्या छोट्या तबकडीने भागवला. ती ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. गाणाऱ्याचा घोगरा आवाज लेमीचा, जो 1975 साली मंडळातून काढला गेला आणि मोटरहेड काढून त्याहून कितीतरी मोठा झाला. गाणे एका रुपेरी यानाविषयी आहे असे सगळे समजतात. शब्द लिहिणारा रॉबर्ट कॅल्व्हर्ट सांगे, की ते यान म्हणजे सायकल! हे ऐकून नाना इतके हसले की झोपाळा थांबवावा लागला.

तो संच उलगडून मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी भिंग मागितले. वर्तमानपत्र वाचण्यासाठी ते नेहमी उशाला असे.

“त्याचं नाव लिहिलंय?”

“कोणाचं?”

“कळ फिरवणाऱ्याचं.”

मी जागा दाखवली. इंग्रजी त्यांना बेताचे येई. अक्षर अक्षर लावत त्यांनी वाचले, आणि त्यावर अंगठा ठेवून बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, “गाणाऱ्याच्या टायपातच छापलंय.”

आता ती ओळ. नाना गवई नव्हते. कलावंत कारखान्यात त्यांना घेतले ते तंबोऱ्याच्या साथीला. मोठमोठ्या गवयांच्या मागे डाव्या हाताला बसून तीन वर्षे त्यांनी तंबोरा धरला. पुढे आयुष्यभर शहरातल्या बैठकींना, शिकवण्या सांभाळून, तेच केले. जवारी काढण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. कार्यक्रम संपला की निवेदक गवयाचे नाव सांगे, तबलजीचे सांगे, पेटीवाल्याचे सांगे, आणि आभार मानून मोकळा होई. घरी येताना माझे बोट धरून नाना म्हणत, “आज षड्ज बरा लागला होता.” मला लाज वाटे. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत विचारले, “वडील दरबारात काय गात?” मी म्हणालो, “ख्याल आणि धमार.” तेवीस वर्षांचा होतो, नोकरी हवी होती. नोकरी मिळाली आणि ख्याल-धमार कायमचे चिकटले. कार्यक्रमपत्रिकांत, सत्कारांत, आणि इथे, या पानावर.

नाना हे पान दर आठवड्याला भिंग लावून वाचत. माझा लेख असला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मग घडी घालून रद्दीच्या वर न ठेवता कपाटात ठेवत. त्या ओळीबद्दल ते मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही.

ते 2017 साली गेले. शेवटच्या वर्षात बोटे थरथरत, जवारीचा दोरा सरकवता येईना. मी सरकवायचो आणि ते ‘अजून, अजून, बस्’ म्हणायचे. ती दुपारची वेळ झाली की कधी आगगाडी लावायचो. ‘आगगाडी’ हे हॉकविंडचे आमच्या घरातले नाव.

संपादकांना मी ओळ बदलायला सांगितली आहे. गेल्या महिन्यात आमच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम झाला. पत्रिकेचा मजकूर घेऊन रावपुऱ्यात छापखान्यात गेलो, तर ओळखीचे छापखानेवाले चष्म्यावरून पाहत म्हणाले, “मास्तर, तंबोऱ्यावरच्या मुलींचीही नावं? जागा पुरायची नाही.” मी म्हटले, गाणाऱ्यांची अक्षरे थोडी लहान करा. त्यांनी केली. दोघींपैकी एकीचे आडनाव चुकले आहे. तिची आजी दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या दारात हजर होती.